चूक कंपनीची, फटका खेळाडूला!

रात्ररात्र जागून, पदरचे पैसे मोजून ऑनलाइन गेममध्ये जमवलेली दौलत सॉफ्टवेअरच्या एका चुकीने क्षणात नाहीशी होते. कंपनी म्हणते, 'झालं ते झालं.' घरचे म्हणतात, 'खेळच तर होता!' मग खेळणाऱ्याने दाद मागायची कुणाकडे? जगभरातल्या गेम कंपन्यांनी अशा वेळी काय केलं, कोर्टाने काय म्हटलं आणि आपल्याकडचा ग्राहक कायदा किती उपयोगी पडू शकतो, याचा हा आढावा.

बीजिंगमध्ये राहणारा २४ वर्षांचा एक तरुण. 'रेड मून' नावाच्या ऑनलाइन गेमचं त्याला भारी वेड. दोन वर्षं तो हा खेळ खेळत होता आणि त्यापायी त्याने सुमारे १० हजार युआन खर्च केले होते. बदल्यात त्याच्याकडे काय जमलं होतं? शस्त्रास्त्रांचा एक जंगी साठा. अर्थात खरा नव्हे, कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा. २००३ च्या फेब्रुवारीत एके दिवशी तो नेहमीसारखा खेळायला बसला आणि पाहतो तर काय, सगळा साठा साफ! कुणीतरी कंपनीच्या सर्व्हरमधली फट शोधून त्याच्या खात्यावर डल्ला मारला होता.

त्याने आधी कंपनीकडे धाव घेतली. माल कुणाच्या खात्यात गेला ते तरी सांगा, असं विनवलं. कंपनीने दुसऱ्या खेळाडूची माहिती द्यायला नकार दिला. पोलिसांकडे गेला, तर तिथेही काही होईना. नसलेल्या वस्तूची चोरी पोलिसांनी लिहून तरी कशी घ्यायची? शेवटी त्याने कोर्टाची पायरी चढली.

कंपनीचं म्हणणं साधं होतं. या वस्तूंना खेळाबाहेर काही किंमत नाही, आमच्या लेखी त्या म्हणजे नुसता माहितीचा ढीग. पण बीजिंगच्या चाओयांग जिल्हा न्यायालयाने ते मानलं नाही. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्रुटी होत्या म्हणूनच चोराला आत शिरता आलं, तेव्हा जबाबदारी कंपनीची, असं म्हणत डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयाने त्या तरुणाच्या हरवलेल्या वस्तू त्याला परत द्यायचा आदेश दिला. चीनमधला अशा प्रकारचा हा पहिला खटला म्हणून त्याची जगभर चर्चा झाली.

या गोष्टीला वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तेव्हा हा प्रश्न सायबर कॅफेत बसणाऱ्या मूठभर तरुणांचा होता. आज तो घराघरातल्या मोबाइलवर येऊन बसला आहे. मुलगा आठवीत असो की इंजिनीअरिंगला, त्याच्या गेममध्ये आईवडिलांच्या यूपीआयवरून घेतलेले पोशाख, बंदुका आणि हिरे असतातच. उद्या कंपनीच्या चुकीने ते नाहीसे झाले तर?

नुकसान नेमकं कशाचं?

सॉफ्टवेअरमधल्या चुकीला कॉम्प्युटरवाले 'बग' म्हणतात. लाखो ओळींचा प्रोग्राम लिहायचा म्हटलं की दोनचार बग राहणारच, हे त्या धंद्यातला कुणीही कबूल करील. प्रश्न चूक होण्याचा नाही, चुकीची किंमत कोण मोजणार याचा आहे.

ही किंमतही वेगवेगळ्या प्रकारची असते. कधी विकत घेतलेली वस्तू गायब होते. कधी महिनाभराची वर्गणी भरलेली असते आणि सर्व्हरच बंद पडतो. कधी पैसा जात नाही, पण सहा महिने खपून मिळवलेली पायरी पुसली जाते. वस्तूची पावती असते. सहा महिन्यांची पावती कुठून आणणार?

आणि कधीकधी तर नुकसान खेळाबाहेर पडतं. 'ईव्ह ऑनलाइन' हा आइसलंडमधल्या सीसीपी कंपनीचा अंतराळ युद्धाचा प्रसिद्ध गेम. डिसेंबर २००७ मध्ये कंपनीने त्याची 'ट्रिनिटी' नावाची नवी आवृत्ती आणली. जुनी फाइल काढून टाकायच्या आज्ञेत एक तिरकी रेघ जास्तीची पडली होती. गेमची स्वतःची 'बूट डॉट आयएनआय' नावाची एक फाइल होती आणि योगायोग असा की विंडोज एक्सपीच्याही एका महत्त्वाच्या फाइलचं नाव तेच. त्या रेघेमुळे गेमने स्वतःच्या फाइलऐवजी विंडोजची फाइल उडवली. परिणाम? काही खेळाडूंनी कॉम्प्युटर बंद केला, तो पुन्हा सुरूच होईना! खेळातलं जहाज बुडणं वेगळं आणि घरातला कॉम्प्युटर बसणं वेगळं. कंपनीला जाहीर माफी मागावी लागली आणि फाइल पुन्हा कशी बसवायची ते खेळाडूंना समजावत बसावं लागलं.

एका रात्रीत पैसा पाचपट

हे सगळं मोबाइलच्या जमान्यातलं, असं कुणाला वाटेल. तसं नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत लुकासफिल्म कंपनीने 'हॅबिटॅट' नावाचं एक कल्पित गाव उभारलं होतं. लोक घरच्या कमोडोर ६४ कॉम्प्युटरवरून, टेलिफोनच्या तारेने त्या गावात शिरत. गावात घरं होती, दुकानं होती आणि टोकन नावाचं चलनही होतं. नव्या रहिवाशाला सुरुवातीला २,००० टोकन मिळत, मग रोज शंभर.

एके दिवशी सकाळी गावच्या बँकेचे आकडे पाहून चालकांचे डोळे विस्फारले. गावातला एकूण पैसा एका रात्रीत पाचपट झाला होता! शोध घेतल्यावर कळलं की किमती ठरवताना चूक झाली होती. एका विक्रीयंत्रात ७५ टोकनला मिळणारी बाहुली दुसरं यंत्र १०० टोकनला विकत घेत होतं. तसंच १८,००० ला मिळणारा स्फटिकाचा गोळा ३०,००० ला खपत होता. काही चतुर रहिवाशांनी रात्रभर गावात येरझाऱ्या घातल्या, आधी बाहुल्या विकून भांडवल जमवलं आणि मग गोळ्यांच्या व्यापारात उडी घेतली. पहाटेपर्यंत ते गडगंज झाले.

चालकांनी विचारलं, तेव्हा त्या मंडळींनी ठणकावलं की हा पैसा आम्ही सरळ मार्गाने मिळवला आहे. त्यांचंही खोटं नव्हतं. भाव दुकानदाराने चुकवला, त्यांनी फक्त व्यापार केला. सुदैवाने ती माणसं समंजस निघाली. त्या पैशातून त्यांनी गावातल्या इतरांसाठी खजिना शोधण्याचे खेळ भरवले आणि मामला गोडीत मिटला.

या प्रसंगातला धडा आजही लागू आहे. बगमुळे एखाद्याचं काही हरवलं नाही, उलट दुसऱ्याला फुकट मिळालं, तरी नुकसान सगळ्यांचंच होतं. गावात पैशाचा पूर आला की भाव कडाडतात आणि ज्याने प्रामाणिकपणे रोजचे शंभर जमवले त्याची पुंजी कवडीमोल होते. त्याच्या खात्यातून कुणी छदाम काढलेला नसतो, तरी तो लुबाडला गेलेला असतो. अशा माणसाला भरपाई द्यायची ती कशी मोजायची?

घड्याळ मागे फिरवावं का?

यावर कंपन्यांच्या हाती एक जालीम उपाय असतो, 'रोलबॅक'. म्हणजे संपूर्ण खेळ काही तासांपूर्वीच्या स्थितीत नेऊन ठेवायचा, जणू मधलं काही घडलंच नाही. कंपनी ठरावीक वेळाने सर्व्हरवरच्या माहितीची नक्कल काढून ठेवत असते, तीच पुन्हा बसवायची.

ऐकायला सोपं वाटतं. पण त्या मधल्या तासांत ज्याने सचोटीने खेळून काही कमावलं, त्याचंही पुसलं जातं. चोर सोडून संन्याशाला फाशी!

मे २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ब्लिझार्ड कंपनीपुढे हाच पेच उभा राहिला. तिच्या 'डायब्लो ३' या गेममध्ये खेळाडूंना आपापल्या वस्तूंचा लिलाव मांडता येई, तोही खऱ्या डॉलरमध्ये. एका नव्या सुधारणेनंतर सोन्याची नाणी पूर्वीपेक्षा मोठ्या गठ्ठ्यांत विकायला परवानगी मिळाली. नेमकी इथेच गोम होती. विक्रीला लावलेलं सोनं मागे घेतलं की लावल्यापेक्षा जास्त सोनं हाती येई. बातमी पसरायला किती वेळ लागतो? काही तासांतच अब्जावधींचं बनावट सोनं बाजारात आलं. कंपनीने अमेरिकेतले लिलाव तातडीने बंद केले.

रोलबॅक करा, अशी अनेक खेळाडूंची मागणी होती. कंपनीने बराच खल करून ती नाकारली. थोड्या लोकांच्या लबाडीसाठी सगळ्यांचे श्रम पुसायचे नाहीत, असं ठरवलं. त्याऐवजी एकेक खातं तपासून बनावट सोनं काढून घेतलं, बगचा गैरफायदा घेणाऱ्यांची खाती गोठवली आणि त्यांच्या लिलावातून अडवलेली रक्कम मुलांच्या रुग्णालयांसाठी काम करणाऱ्या संस्थेला देऊन टाकली. पुढच्याच वर्षी, मार्च २०१४ मध्ये, हे लिलावघर कायमचं बंद झालं. त्याचं कारण कंपनीने वेगळं दिलं होतं, खेळाचा गाभाच त्यामुळे बिघडतो असं. पण पैशाचा बाजार खेळात आणला की चुकीची किंमत किती वाढते, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं.

कंपनीची इच्छा असली तरी सगळं परत देता येतंच असंही नाही. याच कंपनीच्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या गेममध्ये खेळाडूंचे संघ आपला सामाईक माल संघाच्या बँकेत ठेवतात. २०२४ मध्ये एका बिघाडामुळे अनेक संघांच्या बँकांतल्या वस्तू गायब झाल्या. काही संघांनी तो साठा वर्षानुवर्षं जमवलेला होता. शोधाशोध करून कंपनीने काही वस्तू परत मिळवून दिल्या आणि बाकीच्या आता मिळणार नाहीत, हे कबूल केलं.

माफीचे खडे

नुकसान मोजता येत नसेल तर निदान माफी तरी मागावी. जपानी कंपन्यांनी यातून एक रीतच पाडली. २०१२ साली आलेला 'पझल अँड ड्रॅगन्स' हा तिथला अतिशय गाजलेला मोबाइल गेम. त्यात 'जादूचे खडे' हे चलन. सर्व्हर बंद पडला, काही चूक झाली की कंपनी सर्व खेळाडूंना सरसकट खडे वाटायची. लोकांनी त्याला नावच देऊन टाकलं, 'वाबी इशी', म्हणजे माफीचे खडे! आता जपानमध्ये कुठल्याही गेममध्ये अशी भरपाई मिळाली की हाच शब्द वापरतात.

'गेनशिन इम्पॅक्ट' या चिनी गेमने याचा दरच बांधून टाकला आहे. नवी आवृत्ती बसवण्यासाठी सर्व्हर बंद ठेवावा लागला तर तासाला ६० 'प्रिमोजेम' या हिशेबाने पाच तासांचे ३०० आणि सापडलेल्या चुकांबद्दल साधारण तेवढेच आणखी. हिशेब पाहा. त्या गेममध्ये नवं पात्र मिळवण्यासाठी नशीब एकदा अजमावायला १६० प्रिमोजेम लागतात. म्हणजे ६०० मध्ये चार वेळासुद्धा नाही. पण ते न मागता मिळतात, सगळ्यांना मिळतात आणि ठरलेल्या वेळी मिळतात. त्यामुळे सर्व्हर बंद झाला की चिडण्याऐवजी अनेक जण वाट पाहत बसतात!

यात कंपनीचा खर्च किती? जवळपास शून्य. खडे काही खाणीतून काढावे लागत नाहीत. म्हणूनच काही जाणकार म्हणतात की ही भरपाई नव्हे, ही तर रडणाऱ्या पोराच्या हातावर ठेवलेली साखर! ज्याचं खरोखर नुकसान झालं त्यालाही तेवढीच साखर आणि ज्याने त्या दिवशी मोबाइल उघडलाही नाही त्यालाही तेवढीच.

याहून भरीव उदाहरण जपानच्याच स्क्वेअर एनिक्स कंपनीचं. सप्टेंबर २०१० मध्ये तिने 'फायनल फँटसी १४' हा ऑनलाइन गेम बाजारात आणला. तो इतका अर्धाकच्चा होता की खेळाडूंनी डोक्याला हात लावला. डिसेंबरमध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी जाहीर माफी मागितली, निर्माता बदलला आणि खेळ सुधारेपर्यंत मासिक वर्गणीच घ्यायची नाही, असं ठरवलं. एक नव्हे, दोन नव्हे, तब्बल वर्षभर लोक फुकट खेळले. पुढे नोव्हेंबर २०१२ मध्ये तो जुना गेम मोडीत काढला आणि ऑगस्ट २०१३ मध्ये संपूर्ण नव्याने बांधून पुन्हा आणला. तोच गेम पुढे कंपनीची मोठी कमाई ठरला.

डिसेंबर २०२१ मध्ये या गेमचा 'एंडवॉकर' हा भाग आला, तेव्हा संकट उलट्या बाजूने आलं. गर्दीच इतकी झाली की लोकांना तासन्‌तास रांगेत ताटकळावं लागे आणि रांगेत असतानाच 'एरर' येऊन बाहेर फेकलं जाई. निर्माते नाओकी योशिदा यांनी आधी सात दिवस आणि मग आणखी चौदा दिवस फुकट दिले. एवढंच नव्हे, तर गेमची विक्रीच काही काळ थांबवली. दुकानात गिऱ्हाईकांची झुंबड उडाली असताना 'आहेत त्यांना आधी नीट बसू दे' म्हणून शटर ओढून घेणारा दुकानदार विरळाच!

पुरावा कुणाच्या हाती?

आता दुसरी बाजूही पाहू. हरवलं म्हणणारा प्रत्येक खेळाडू खरंच बोलतो असं थोडंच आहे? स्वतःच्या चुकीने जहाज बुडालं तरी 'बग होता' म्हणून ओरडणारे कमी नसतात. मागेल त्याला भरपाई दिली तर खेळात हरायचं कुणी?

म्हणून कंपन्या 'लॉग' पाहतात. खेळातल्या घडामोडींची सर्व्हरवर आपोआप होत राहणारी नोंद म्हणजे लॉग. त्यात चूक दिसली तर भरपाई, नाही दिसली तर नाही. पण ही वही असते कंपनीच्या कपाटात. तिच्यात काय लिहिलंय हे पाहायचा अधिकार खेळाडूला नाही. ईव्ह ऑनलाइनच्या खेळाडूंमध्ये 'लॉगमध्ये काहीच दिसत नाही' हे कंपनीचं ठरावीक उत्तर वर्षानुवर्षं चेष्टेचा विषय झालेलं आहे. आरोपीच पंच आणि पंचनामाही त्याच्याच हाती, असा हा मामला.

ईव्हमध्ये तर हा प्रश्न फारच टोकाचा. तिथे एकदा नष्ट झालेलं जहाज कायमचं गेलं. जानेवारी २०१४ मध्ये त्या खेळात झालेली एक लढाई सुमारे २१ तास चालली. त्यात साडेसात हजारांहून अधिक खेळाडू उतरले आणि ७५ महाकाय 'टायटन' जहाजं नष्ट झाली. या सगळ्याची खऱ्या पैशातली किंमत तीन लाख डॉलरच्या घरात धरली गेली. लढाईला निमित्त काय झालं? एका अंतराळ तळाचं ठरलेलं देणं वेळेवर भरलं गेलं नव्हतं!

एवढे लोक एका जागी जमले की सर्व्हर गुदमरतो. बंदुकीचं बटण दाबल्यावर गोळी सुटेपर्यंत जहाज बुडालेलं असतं. यात चूक कुणाची? कंपनीने यावर भरपाईऐवजी उपाय शोधला. २०१२ च्या सुरुवातीला 'टाइम डायलेशन' ही सोय आणली. गर्दी वाढली की त्या भागातला काळच मंदावतो, अगदी दहा टक्क्यांपर्यंत. एक सेकंदाची हालचाल दहा सेकंदांत होते. खेळ रेंगाळतो, पण सगळ्यांसाठी सारखा रेंगाळतो. नुकसान झाल्यावर पैसे वाटत बसण्यापेक्षा ते होऊच न देणं बरं, हाच त्यातला विचार.

'मला मान्य आहे'

गेम सुरू करताना पडद्यावर भलीमोठी नियमावली येते. खाली चौकोन असतो, 'मला मान्य आहे.' ती कुणी वाचतं का? बहुतेक नियमावल्यांत साधारण अशाच गोष्टी असतात. खेळातल्या वस्तू तुमच्या मालकीच्या नाहीत, तुम्हाला फक्त वापरायची परवानगी आहे. सेवा आहे त्या स्थितीत दिली जाईल. बिघाडामुळे काही हरवलं तर कंपनी जबाबदार नाही. थोडक्यात, घर भाड्याचं, भिंती भाड्याच्या, आणि छप्पर कोसळलं तर सामान तुमचं!

पण सही केली म्हणजे सगळं संपलं, असं न्यायालयं मानत नाहीत. 'सेकंड लाइफ' या कल्पित जगात अमेरिकेतल्या पेनसिल्वेनियाच्या एका वकिलाने लिलावाच्या यंत्रणेतली फट वापरून स्वस्तात जमीन मिळवली. कंपनीने त्याचं खातं गोठवून सगळी मालमत्ता काढून घेतली. त्याने दावा लावला. नियमावलीनुसार वाद लवादाकडेच न्यायला हवा, असा कंपनीचा आग्रह होता. मे २००७ मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने हे कलम एकतर्फी आणि अन्यायकारक ठरवून कंपनीचं म्हणणं फेटाळलं. पुढे त्याच वर्षी दोघांत तडजोड झाली. इथे गंमत अशी की बगचा फायदा घेणारा खेळाडूच होता. तरीही कंपनीला मनमानी करता आली नाही.

चीनने तर २०१७ मध्ये दिवाणी कायद्यातच इंटरनेटवरच्या आभासी मालमत्तेचा उल्लेख केला आणि २०२१ पासून लागू झालेल्या नव्या दिवाणी संहितेतही तो कायम ठेवला. दक्षिण कोरियात ग्राहक संस्थांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. 'मेपलस्टोरी' या गेममध्ये खेळाडूंना विकल्या जाणाऱ्या नशिबाच्या ठोकळ्यांतून चांगली गोष्ट निघण्याची शक्यता नेक्सॉन कंपनीने गुपचूप कमी केली होती. हा बग नव्हे, जाणूनबुजून केलेला बदल. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने कंपनीला सुमारे ११.६ अब्ज वोन दंड केला आणि त्याच वर्षी ग्राहक संस्थेच्या मध्यस्थीने सुमारे आठ लाख खेळाडूंना २१.९ अब्ज वोनची भरपाई द्यायचं ठरलं. एकेकट्याच्या वाट्याला थोडकं आलं असेल, पण आठ लाख खेळाडू एका बाजूला उभे राहिले, हे महत्त्वाचं.

आपल्याकडे दाद कुठे?

भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळायच्या गेमवर त्याने बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स व निव्वळ करमणुकीचे गेम त्यातून वेगळे काढले. पण करमणुकीच्या गेममध्ये विकत घेतलेली वस्तू बगमुळे गेली तर काय, या प्रश्नासाठी आपल्याला जुन्याच ओळखीच्या दाराशी जावं लागतं, ते म्हणजे ग्राहक कायद्याच्या.

जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ऑनलाइन खरेदी येते आणि इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या डिजिटल वस्तूही येतात. पैसे घेऊन दिलेल्या सेवेत त्रुटी असेल तर ग्राहकाला दाद मागता येते. पूर्वी कंपनी जिथे असेल तिथे खेटे घालावे लागत. आता तक्रारदार जिथे राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. करारातल्या अटीच अन्यायकारक आहेत अशी तक्रार असेल, तर ती राज्य आयोगाकडे न्यावी लागते.

इथे एक मेख आहे. कायद्याच्या लेखी ग्राहक तोच, ज्याने मोबदला दिला किंवा द्यायचं कबूल केलं. गेम फुकट उतरवून घेतला, एक पैसाही खर्च केला नाही आणि फक्त वेळ घालवला, तर ग्राहक म्हणून उभं राहणं कठीण. म्हणजे ज्याने पाचशे रुपयांचा पोशाख घेतला त्याला दार उघडं आणि ज्याने पाचशे तास घातले तो बाहेर! शिवाय अठरा वर्षांखालील मुलाने केलेला करार आपल्या कायद्याने ग्राह्यच नाही. म्हणून पैसे ज्या पालकाच्या खात्यातून गेले, त्यानेच पुढे होणं शहाणपणाचं.

हरवलेलं परत देणं तांत्रिकदृष्ट्या अशक्य असतं का? आपल्याकडचाच अनुभव पाहा. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली, तेव्हा लाखो मुलांना वाटलं की सगळं बुडालं. पण जुलै २०२१ मध्ये 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' हा गेम आला, तेव्हा जुन्या खात्यातल्या वस्तू नव्या खात्यात आणायची सोय कंपनीने दिली. नोंद जपलेली असेल आणि कंपनीच्या मनात असेल, तर वर्षभरानेही माल परत मिळू शकतो!

हे लक्षात ठेवा

• गेममध्ये काहीही विकत घेतलं की पावतीचा ईमेल जपून ठेवा. महत्त्वाच्या वस्तूंचा स्क्रीनशॉट अधूनमधून काढून ठेवा.

• काही हरवलं तर तारीख, वेळ आणि त्या क्षणी काय चाललं होतं ते लगेच लिहून काढा. नुसतं 'माझं सगळं गेलं' लिहिलेल्या तक्रारीला कुणी विचारत नाही.

• आधी गेममधल्या मदत विभागाकडे तक्रार करा आणि तिचा क्रमांक घ्या. गुगल प्लेवरून खरेदी केली असेल, तर पैसे परत मागण्यासाठी पहिले ४८ तास मोलाचे.

• ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायला हवा.

• तिथेही डाळ शिजली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. त्यानंतरचा मार्ग ग्राहक आयोगाचा. तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते.

• बगमुळे फुकटचं काही हाती आलं, तर ते वापरू नका, कंपनीला कळवा. आजचं फुकटचं सोनं उद्या खातं बंद पडायला कारण होतं.

खेळच तर होता!

मुलाचा चेहरा उतरलेला असतो, जेवण जात नसतं. विचारलं तर म्हणतो, 'गेममधलं सगळं गेलं.' आणि आपण पटकन म्हणून जातो, 'बरं झालं, आता अभ्यास तरी करशील!' त्याचं नेमकं काय गेलं हे आपण विचारतही नाही. कुणी वर्षभर जमवलेली पोस्टाची तिकिटं पावसात भिजली, तर आपण त्याची समजूत घालतो. मग याचीच चेष्टा का?

खेळावर किती वेळ आणि किती पैसा घालवावा, हा प्रश्न आहेच आणि तो घरात बसून बोलायलाच हवा. पण तो वेगळा प्रश्न आहे. दुकानदाराने सदोष माल दिला तर 'तुला घ्यायलाच कुणी सांगितलं होतं' असं आपण गिऱ्हाइकाला म्हणत नाही. बीजिंगच्या त्या तरुणालाही पोलिसांनी, कंपनीने हेच ऐकवलं असणार की अरे, तिथे काही नव्हतंच. न्यायालयाने फक्त एवढंच पाहिलं की त्याने पैसे मोजले होते, वेळ दिला होता आणि चूक त्याची नव्हती.

पुढच्या वेळी मुलगा किंवा मुलगी असा चेहरा घेऊन आली, तर एकदा शेजारी बसा. पावती शोधायला मदत करा, तक्रारीचं पत्र दोघांनी मिळून लिहा. हरवलेली बंदूक परत मिळेल न मिळेल. पण आपण मोजलेल्या पैशाचा जाब विचारायचा असतो आणि तो कसा विचारायचा, एवढं तरी ते पोर घरातच शिकेल.